फुगडीतला गॉगल

दिवाळी सरली आणि बनाबाईच्या डोळ्यांतला मोतीबिंदू निघाला. दवाखान्यातनं घरी आल्या आल्या तिनं आधी देव्हाऱ्यापुढं हात जोडले, मग मान वर करून आढ्याकडं बघितलं आणि हाक मारली, "पल्लवी, ही जळमटं कवाधरनं गं?"

"तुमाला दिसंना झालं तवाधरनं, आत्ती," सून स्वयंपाकघरातनं म्हणाली.

बनाबाई पोट धरून हसली. त्या आठवड्यात ती सारखी हसतच होती. मुंग्यांची रांग दिसली म्हणून हसली, तांदळातला खडा आपल्या हातानं निवडता आला म्हणून हसली. विठ्ठल-रखुमाईच्या तसबिरीत खाली कोपऱ्यात एक मोर काढलाय, हे तिला लग्नानंतर इतक्या वर्षांनी नीट कळलं. तेव्हा तर शेजारच्या दोन बायकांना बोलावून तिनं तो मोर दाखवला. त्या बिचाऱ्या रोज येता-जाता तो बघत होत्याच, पण त्यांनीही पहिल्यांदाच बघितल्यासारखं केलं.

पण जे बघायचं म्हणून बनाबाई ऑपरेशनला तयार झाली होती ते अजून दिसायचं होतं. ते होतं दगडाबाईचं तोंड. आणि तेही फुगडीतलं.

बनाबाई आणि दगडाबाई दोघी ढवळेवाडीच्याच लेकी. ढवळेवाडी पलूसच्या अंगाला. बनाबाई मामाच्या घरात दिली, म्हणून गावातच राहिली. दगडाबाई पार जतच्या टोकाला गेली, जिथं घरात मराठी आणि दारात कानडी. तरी एक नेम दोघींनी मोडला नाही. ढवळेवाडीच्या दत्ताच्या देवळात जयंतीचा सप्ताह बसतो, आणि जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन होतं. काल्याच्या कीर्तनात कीर्तनकार देवाचे लहानपणचे खेळ सांगतो आणि नुसते सांगत नाही, खेळतोसुद्धा. टाळकऱ्यांची हुतूतू होते, बुवांची फुगडी होते, आणि मग बायकांच्या बाजूनं एक जोडी उठते. ती जोडी कोणाची, हे विचारायचं कारण नाही. बनी आणि दगडी. परकर नेसायच्या तेव्हापासून.

आता फुगडीत काय होतं ते ज्यानं घातलीय त्यालाच ठाऊक. हात एकमेकींच्या हातात अडकवायचे, पाय जुळवायचे, अंग मागं टाकायचं आणि फिरायचं. देऊळ फिरतं, खांब फिरतात, माणसं फिरतात, वीणेकरी फिरतो, सगळा संसार गरगर फिरून पुसून जातो. एकच वस्तू जागची हलत नाही, ती म्हणजे समोरचं तोंड. बनाबाई म्हणायची, "बसल्यावर दिसतं ते दगडाबाईचं तोंड. त्यात पाण्याचा टँकर हाय, गुडघं हायत, सुना हायत. फुगडीत दिसती ती दगडी."

आणि हीच दगडी गेली काही वर्षं दिसेनाशी झाली होती. आधी तिच्या हनुवटीवरचं गोंदण गेलं, मग डोळे गेले, आणि मागच्या वर्षी तर समोर नुसता एक पांढुरका गोळा फिरत होता. फुगडी झाल्यावर बनाबाई देवळामागं जाऊन रडली होती. सुनेनं ते बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून ऑपरेशनचा धोशा लावला.

सांगलीच्या भाग्यश्री डॉक्टर दिसायला पोरसवदा, पण शिस्तीच्या. दत्तजयंती जवळ आल्यावर बनाबाई तपासणीला गेली तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्याच तिनं विचारलं, "बाई, एक फुगडी घालू का?"

डॉक्टरांनी बॅटरी खाली ठेवली. "काय घालू?"

मग बनाबाईनं त्यांना काल्याचं सगळं सांगितलं. सांगता सांगता खुर्चीतल्या खुर्चीत हातवारे इतके झाले की बाहेरची सिस्टर आत डोकावली. डॉक्टरांनी डोळा निरखून बघितला, पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाल्या, "छान भरलाय. एक फुगडी घाला. सावकाश, चक्कर येईपर्यंत नाही. पण तिथं लाह्या उडणार, दही उडणार, बुक्का उडणार. यातलं काहीही डोळ्यात जाता कामा नये. हा गॉगल लावायचा आणि कीर्तन संपेपर्यंत काढायचा नाही. कबूल?"

"कबूल," बनाबाई म्हणाली. वर डॉक्टरांची अलाबला घेतली, बोटं आपल्या कानशिलावर मोडली.

गॉगल म्हणजे आरपार दिसणारी, चारी बाजूंनी बंद अशी प्लास्टिकची पेटीच होती, मागं रबरी पट्टा. तो लावून बनाबाई एस.टी.तनं उतरली तर पल्लवी म्हणाली, "आत्ती, इमान कुठं उतरवलंसा?"

घरात नवी वस्तू आली की तिला हळदीकुंकू लावायचं, हा बनाबाईचा रिवाज. मिक्सरला लावलं होतं, मुलाच्या मोटारसायकलीला लावलं होतं, मोबाईललाही लावलं होतं. गॉगल त्याला कसा अपवाद असेल? तिनं तो देव्हाऱ्यात ठेवला, ओल्या बोटानं दोन्ही काचांवर हळद ओढली, मधोमध कुंकू टेकवलं आणि नमस्कार केला. सकाळी फडक्यानं पुसून लावला आणि दारात जाऊन उभी राहिली.

"पल्लवी, गावात काविळीची साथ आली का काय गं? समदी पिवळी पडल्यात."

पल्लवीनं कपाळाला हात लावला, गॉगल काढून स्वच्छ पाण्यानं धुतला आणि मऊ फडक्यानं टिपला. "आत्ती, देवाला ह्यो चालतोय, पर देवाची हळद ह्याला चालत न्हाई. आता तालीम करू. ऐन काल्यात काय झालं तर?"

मार्गशीर्षाची सकाळ. हवेत गारठा होता, द्राक्षाच्या वेलींवर दव होतं. सासू-सून अंगणात उभ्या राहिल्या, पदर कमरेला खोचले, हात अडकवले. दोन गिरक्या झाल्या नाहीत तोच बनाबाई थांबली.

"काय झालं? गरगरलं?"

"गरगरलं न्हाई. तू गेलीस कुठं?"

गॉगल आतनं पांढराफटक झाला होता. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवल्यावर दिसतं तसा. पल्लवीनं तो पुसला, पुन्हा दोन गिरक्या, पुन्हा पांढरा. पुसायला हात मोकळा लागतो, आणि फुगडीत हात सोडायचा म्हणजे दोघींनी दोन दिशांना जाऊन पडायचं. बनाबाई जोत्यावर बसली. डोळ्यातलं धुकं डॉक्टरांनी काढलं आणि ते असं बाहेर येऊन काचेवर बसलं, याला काय म्हणावं?

तेवढ्यात रस्त्यानं बाहुबली अण्णांचा ट्रॅक्टर आला. मळा मोठा, पण औषध अण्णा स्वतःच फवारतात. द्राक्षावर दव पडलं की त्यांना घरात चैन पडत नाही. त्यांच्याही कपाळावर गॉगल चढवलेला होता. बनाबाईच्या डोळ्यांवर तसलाच बघून त्यांनी ट्रॅक्टर थांबवला.

"बनावैनी, फवारायला कवापासनं लागलासा?"

सगळी हकीकत ऐकल्यावर अण्णा खाली उतरले. "ह्याचं औषध माज्याकडं हाय. साबण. काचंला आतनं बोटानं साबण लावायचा, सुकू द्यायचा, आणि मग पुसून पुसून साबण दिसंनासा करायचा. पाणी लावायचं न्हाई. वाफ धरत न्हाई बगा."

"साबणानं काय हुतंय, अण्णा?" पलीकडनं आवाज आला. लियाकतचं वेल्डिंगचं दुकान तिथंच वळणावर. दुकान कसलं, चार पत्रे आणि एक कडुलिंब. दहीहंडीच्या दोराला कडी जोडायचं काम तो दरवर्षी करतो, त्याचे पैसे कधी घेत नाही, प्रसाद मात्र डबा भरून नेतो. "वाफ का धरती ते बगा की. काच गार, तोंड गरम. गार तांब्याला घाम येतोच. मावशी, फुगडीच्या आधीपासनंच लावून बसा. काच अंगाएवढी गरम झाली की वाफ बसणार न्हाई."

"तू तोंडाला लोखंडाची ढाल लावतोस, तुला गॉगलातलं काय कळतंय रं?"

"आवं, कटिंग करताना काय लावतो मग? आणि तुमी फवारताना चारदा ट्रॅक्टर थांबवून पुसता की. मी बगतो हितनं."

"ते औषध उडतंय म्हणून पुसतो!"

"व्हय व्हय, औषधच."

दोघं भांडायला लागले की कुणी मध्ये पडत नाही, कारण भांडण संपल्यावर दोघं एकत्रच चहाला जातात. पल्लवीनं भांडणाचा निकाल लावला: साबणही लावायचा आणि आधीपासनं घालूनही बसायचं. त्याआधी तिनं डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर म्हणाल्या, साबण अगदी पातळ, पूर्ण सुकवून कोरड्या कापडानं घासून काढलेला असेल तर हरकत नाही. पण कपाळाचा घाम काचेच्या आतनं डोळ्यात ओघळता कामा नये, तेव्हा कपाळाला एक कापड बांधा.

"कापड?" बनाबाई म्हणाली. "मी काय पैलवान हाय व्हय? डोक्यावर पदर असतोय की. तो टिपंल घाम."

साबण लावला, सुकवला, घासला. बनाबाई गॉगल लावून चहा प्याली, भाजी निवडली, आणि मग सुनेचे हात धरले. अण्णा आणि लियाकत उभेच होते. दोन गिरक्या, चार गिरक्या, सहा. पल्लवी समोर लख्ख. तिच्या नाकातली चमकी, गालावरचा तीळ, कपाळावरचा घाम.

"दिसतंय!" बनाबाई ओरडली. "दिसतंय गं बाई!"

"साबण," अण्णा म्हणाले.

"गरम काच," लियाकत म्हणाला.

आणि चहाला गेले.

जयंतीच्या दिवशी पाळणा झाल्यावर दगडाबाई आली. मुलानं तिला जीपमधनं सोडलं. बनाबाईनं तिला दारातच ओवाळून घेतलं, तोंड दोन्ही हातांत धरलं आणि चपापली. ही कोण म्हातारी? गाल बसलेले, डोळ्यांखाली काळं, आणि चालताना भिंतीचा आधार. धूसर दिसत होतं तोवर बनाबाईच्या मनात तीच जुनी दगडी होती. आता स्वच्छ दिसलं, आणि स्वच्छ दिसण्याचं तिला पहिल्यांदा वाईट वाटलं.

भाकरी खाताना दगडाबाई म्हणाली, "बने, एक सांगती. औंदाची शेवटची. गुडघं न्हाई म्हणायलेत. पुढच्या साली मी टाळ्या वाजवायला येईन, फिरायला न्हाई."

बनाबाईचा घास हातात राहिला. शेवटची. म्हणजे दगडी बघायची ती उद्याच.

"गप गं," ती म्हणाली. "उद्याचं उद्या."

सकाळी देवळात मुंगी शिरायला जागा नव्हती. मंडपाच्या मधोमध दोराला हंडी टांगलेली, लियाकतनं जोडलेली कडी नवी चकचकीत. पखवाजाला कणीक लावून झाली होती. वीणेकरी दगडी खांबागत उभा. आणि औंधकडचे शंभूराज महाराज कीर्तनाला उभे राहिले. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्याला फेटा, खांद्यावर पांढरंशुभ्र उपरणं, आवाज असा की मंडपाच्या कापडाला हिव भरावं. पहिल्या चालीलाच बनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. गॉगल तर आधीच लावलेला. तिनं मनात म्हटलं, देवा, आता रडवू नको, हे आतनं पुसता यायचं नाही.

महाराज रानातली शिदोरी सांगत होते. "कुणाची भाकरी बाजरीची, कुणाची जुंधळ्याची. कुणाच्या फडक्यात नुसता ठेचा. आणि एक पोरगं तर रिकामं फडकं घेऊन आलं आणि झाडाआड लपलं. देवानं काय केलं? सगळ्यांच्या शिदोऱ्या एकात एक कालवल्या. आता ओळखा बरं, तुझी कुठली आणि माझी कुठली? बायांनो, ज्यात आपला घास आपल्याला ओळखता येत नाही, त्याचं नाव काला. म्हणा, विठ्ठल!"

"विठ्ठल!" सगळा मांडव एका घशातनं म्हणाला.

मग हुतूतू झाली. मग महाराजांनी कासोटा आवळून एका जाडजूड टाळकऱ्याबरोबर फुगडी घातली, टाळकरी गवताच्या भाऱ्यासारखा खाली जाऊन बसला, आणि हसण्याचा एकच कल्लोळ उठला. हसू ओसरतंय तोवर महाराजांनी बायकांकडं हात केला. "गौळणींनो, तुमची जोडी कुठाय?"

बनाबाई आणि दगडाबाई उठल्या. वाट मिळाली. पल्लवीनं जाता जाता सासूच्या पाठीला हात लावला. वीणेसमोर दोघी वाकल्या, बुक्का लावून घेतला, समोरासमोर उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर घसरू नये म्हणून दोघींनी त्याचा काठ तोंडावरनं ओढून दातांत धरला. ही सासवांची शिकवण. वीणेपुढं डोकं उघडं पडायचं नाही. फिरताना पदर सुटायला बघतो, म्हणून तो चावून धरायचा. लग्न झाल्यापासनं प्रत्येक काल्याला त्यांनी हे असंच केलं होतं. आता हात जसे आपोआप अडकले, तसाच पदर आपोआप दातांखाली गेला.

पखवाज उठला. पाय जुळले. एक गिरकी, दुसरी...

पांढरं.

बनाबाईला वाटलं, चुकून लागलं असेल, पुढच्या गिरकीला जाईल. पुढच्या गिरकीला जास्तच दाटलं. देऊळ गेलं, खांब गेले, आणि त्यांच्याबरोबर दगडीही गेली. मागच्या वर्षीचाच तो पांढुरका गोळा. तिनं पाय टेकले. फुगडी थांबली.

"अं?" दगडाबाईनं पदराआडनं विचारलं.

बनाबाईनं हातानंच गॉगल दाखवला. पल्लवी धावली, सासूला डोळे मिटायला लावून गॉगल उतरवला, पदराच्या टोकानं आत टिपलं, साबणाचा थर नीट आहे का बघितलं, पुन्हा लावला. गर्दीत बाहुबली अण्णा आणि लियाकत एकमेकांकडं बघत होते, जणू दुसऱ्याचाच इलाज फसलाय. पुन्हा हात अडकले. पुन्हा दोन गिरक्या. पुन्हा भाताचं पातेलं.

आता मात्र बनाबाईचा धीर सुटला. शेवटची फुगडी, आणि तीही अशी आंधळी? तिनं हात सोडवून गॉगलाच्या पट्ट्याला घातला. जाऊ दे डोळा. एकदा बघते आणि मग...

दगडाबाईनं तिचं मनगट धरलं आणि पदर तोंडातच ठेवून जोरजोरात मान हलवली. "अं हं! अं हं!"

"सोड मला!"

"काडलास तर हात धरणार न्हाई," दगडाबाईनं शेवटी पदर सोडून सांगितलं. "डोळ्यापरास माजं थोबाड मोठं हाय व्हय गं? ह्याच्यासाठी सांगलीला जाऊन डोळं फोडून घेतलंस?"

"फोडून न्हाई घेतलं, बसवून घेतलं!" बनाबाई चिडून ओरडली. "आणि तुला काय म्हाईत? मागल्या साली मला तू दिसली न्हाईस! त्याच्या आदल्या सालीबी न्हाई! एकदा बगू दे की मेले!"

ओरडता ओरडता ती मध्येच गप्प झाली.

कारण दगडाबाई दिसत होती. कडेकडेनं काच निवळत होती. आधी हनुवटीवरचं गोंदण, मग वरचा ओठ, मग नाक. हे कसं झालं? पल्लवीनं तर पुसलं नव्हतं. बनाबाईनं घाबरून पुन्हा पदर दातात धरला आणि श्वास घेतला. खालनं धुकं चढलं. पदर सोडला. धुकं उतरलं. पुन्हा धरला. चढलं.

"अगं बया," बनाबाई म्हणाली.

अंगणात तिच्या तोंडात पदर नव्हता! तिथं वीणा नव्हती, बुवा नव्हते, पदर कमरेला खोचला होता, आणि श्वास मोकळा समोर जात होता. इथं पदरानं तोंड झाकलं आणि सगळी वाफ वाट काढत नाकाशेजारनं सरळ गॉगलात. साबण बिचारा किती झुंजणार, आणि काच गरम असून तरी काय करणार?

आता पदर सोडला तर दगडी दिसते. पदर सोडला तर वीणेपुढं डोकं उघडं पडतं. जे उभ्या जन्मात केलं नाही ते आज, सगळ्या गावापुढं, देवापुढं? बनाबाईनं वीणेकडं बघितलं, दत्ताच्या मूर्तीकडं बघितलं. तिथं निरांजन शांत जळत होतं. मग तिची नजर महाराजांच्या खांद्यावर गेली.

"महाराज," ती म्हणाली. "मघाशी तुमी सांगितलंत, त्या रानातल्या पोरांच्या डोक्याला काय हुतं?"

महाराज क्षणभर गोंधळले. "डोक्याला? घोंगडीची खोळ असेल, मुंडासं असेल."

"मग तुमचं उपरणं द्या. मला मुंडासं बांदायचंय."

मांडवात कुणीतरी फिसकन हसलं. पखवाजवाल्याचा हात वरच राहिला. शंभूराज महाराजांनी बनाबाईकडं बघितलं, गॉगलाकडं बघितलं, दातांतनं सुटलेल्या पदराकडं बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू उमटलं जसं शिदोरी उघडताना पोराच्या तोंडावर येतं. त्यांनी उपरणं काढलं, देवाच्या पायाला लावलं आणि टाळकऱ्यांकडं वळून म्हणाले,

"आजवर कीर्तनकाराला उपरणं देताना बघितलं असेल. आज कीर्तनकाराचं उपरणं लुटताना बघा! काल्याला कोण बाई आणि कोण बुवा? आज इथं सगळे गोपाळच. माय, वाका."

बनाबाई वाकली. महाराजांनी आपल्या हातानं तिच्या डोक्याभोवती उपरणं गुंडाळलं, कपाळावर घट्ट ओढलं आणि मागं गाठ मारली. डोकं झाकलं, घामालाही वाट राहिली नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं कापड हे असं देवाघरनं आलं. दगडाबाई कान देऊन होती. ती म्हणाली, "आणि मी? मी काय पाप केलंय?" त्या जाडजूड टाळकऱ्यानं आपल्या खांद्यावरचा पंचा काढून तिच्या हातात दिला. तिनं तो डोक्याला असा तिरका बांधला की बायकांमधनं शिट्टी आली. कोणी मारली ते अजून कळलेलं नाही. पल्लवी मी नव्हे म्हणते.

दोघींनी पदर कमरेला खोचले. हात अडकले. पखवाजावर थाप पडली.

एक गिरकी. दोन. चार. देऊळ फिरलं, खांब फिरले, हंडी फिरली, अण्णा आणि लियाकत एकात एक मिसळून गेले. काच स्वच्छ. आणि मधोमध, जागच्या जागी, दगडीचं तोंड.

बसलेले गाल वाऱ्यानं भरले होते. डोळ्यांखालचं काळं कुठं गेलं कुणास ठाऊक. हनुवटीवरची तीन टिंबं, जी दोघींनी एकाच दिवशी, एकाच गोंदणारणीकडनं, एकमेकींचा हात धरून रडत रडत गोंदून घेतली होती, ती तीनही टिंबं नाचत होती. पुढचा एक दात नव्हता. नसलेल्या दाताच्या जागेतनं दगडी हसत होती, आणि ते हसू परकराच्या दिवसांतलं होतं.

आणि मग तोंडं मोकळी होती म्हणून आणखी एक गोष्ट झाली. दगडाबाईनं ओठ मिटले, गाल फुगवले आणि पकवा धरला. फुगडीच्या तालावर तोंडानं वाजवायचा तो लहानपणचा आवाज, पक्‌-फू, पक्‌-फू. लग्नानंतर तो पदराखाली गेला होता, तो आज बाहेर आला. बनाबाईनं त्याला जोड दिली. पक्‌-फू, पक्‌-फू. पखवाजवाला हसत हसत त्यांच्यामागनं जायला लागला. महाराजांनी टाळ उचलला. बायकांच्या बाजूनं एकीनं पकवा धरला, मग दुसरीनं, मग सगळ्या म्हाताऱ्या बसल्या जागी पकवा वाजवू लागल्या. त्यात दात असलेल्या किती आणि नसलेल्या किती, हे ओळखता येईना. वरनं लाह्यांचा पाऊस पडत होता, गॉगलावर तडतड वाजत होता, आणि आत बनाबाईचा डोळा सुखात होता.

डॉक्टरांचा शब्द आठवून तिनंच पाय टेकले. दोघी धापा टाकत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. तेवढ्यात हंडी फुटली आणि दह्याचा एक मोठा शिंतोडा बरोब्बर बनाबाईच्या उजव्या काचेवर थप्पकन वाजला.

"बग," दगडाबाई म्हणाली. "काडला असतास म्हंजी?"

"दगडे," बनाबाईनं बोटानं काच पुसली, "म्हातारी झालीस गं. पर फुगडीत न्हाई झालीस."

"मी कशी दिसती ते तरी तुला कळलं," दगडाबाई खाली बसत म्हणाली. "मला तर तू बिनतोंडाची दिसतीस. नुसता पांढरा भोपळा, त्यावर उपरणं."

बनाबाई वाकून तिच्या डोळ्यांत बघायला लागली. तिच्या स्वच्छ नजरेला आता दिसलं. दगडाबाईच्या काळ्या बुबुळात दुधाचा थेंब सांडल्यासारखं सावट होतं.

"कवाधरनं?"

"लय दिस झालं. तू रडशील म्हणून बोलली न्हाई. मीबी हातावरनंच वळखती तुला."

म्हणजे मागच्या वर्षी दोघींनीही एकमेकींना न बघताच फुगडी घातली होती, आणि दोघींनीही दिसल्याचं सोंग केलं होतं. बनाबाईला हसावं की रडावं कळेना. तिनं दोन्ही केलं, आणि गॉगल आतनं भिजला तो भिजलाच.

"पल्लवी!" तिनं हाक मारली. "भाग्यश्री डॉक्टरास्नी फोन लाव. म्हणावं, फुगडी लय झ्याक झाली. आणि म्हणावं, सोमवारी आणिक एकीला घिऊन येतोय."

"आगं, पर माजं गुडघं..." दगडाबाई म्हणाली.

"गुडघ्याला काय हुतंय? आत्ता फिरलं ते कुणाचं गुडघं हुतं?"

दगडाबाईनं काल्याचा घास घेतला, अर्धा बनाबाईच्या तोंडात घातला. मग हात पुढं करून बनाबाईच्या कपाळापाशी चाचपलं, गॉगल सापडला, त्याच्या काचेवर बोटानं दोनदा टकटक केलं.

"मग ह्यो जपून ठेव," ती म्हणाली. "पुढच्या साली मी लावणार हाय."